तोग्बेंच्या कानापर्यंत

सेफाकोर मॅडमनी शाळेचं फेसबुकचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत मोजून काढलं. शाळेच्या बदामाखाली बाक ओढलं, वहीत रेघा मारल्या आणि हजेरी घ्यावी तशी एकेका फोटोची हजेरी घेतली. दुपारचे तीन वाजेपर्यंत मान अवघडली, पण हिशेब लागला. मग त्यांनी ऑफिसच्या खिडकीकडे बघून हाक मारली.

"दोत्से सर, जरा बाहेर या. बसून ऐकायचंय."

दोत्से सर मुख्याध्यापक. साठीला आलेला, सदा रुमालानं टक्कल पुसणारा सज्जन माणूस. ते बाहेर आले आणि बसले.

"सोक्पोली इंटरनॅशनल स्कूलच्या पानावर एकूण चारशे बारा फोटो," सेफाकोरनी वही वाचायला घेतली. "त्यातल्या तीनशे एकाहत्तरांत तोग्बे."

"बरोबर आहे. संस्थापक आहेत."

"तोग्बे फीत कापताना. तोग्बे खुर्चीवर. तोग्बे दुसऱ्या खुर्चीवर. राहिले एकेचाळीस. तेवीस कुणाकुणाच्या अंत्ययात्रेची पोस्टरं, चौदा सणांच्या शुभेच्छा, तीन शाळेची बस."

"आणि एक?"

"एकात मूल आहे."

"चला! आहे ना एक!" दोत्से सरांचा चेहरा उजळला.

"अर्धं आहे, सर. तोग्बेंची रिकामी खुर्ची पुसताना कडेला कापलं गेलंय. एक कान आणि एक खांदा दिसतोय."

दोत्से सरांनी रुमाल काढला.

सेफाकोर न्याकू या शाळेत सोळा वर्षं विज्ञान शिकवत होत्या. माध्यमिकच्या तीन वर्गांना. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि कपाटात बाटल्यांची झाकणं, सायकलचा दिवा, मीठ, फुगे. एवढ्या भांडवलावर त्यांनी घानातल्या या होहोए गावच्या चारपाचशे पोरांना पाणी, हवा आणि वीज समजावली होती. नवरा राजधानीत, आक्रात, कामाला गेला तो तिकडचाच झाला. मूलबाळ नाही. त्यामुळे लोक म्हणत, मॅडमचा संसार म्हणजे ते कपाट. मॅडम म्हणत, असू दे, निदान कपाट रोज संध्याकाळी जागेवर सापडतं.

पण यंदा कपाटावरच गदा आली होती. ऑगस्ट संपत आला तरी माध्यमिकच्या पहिल्या वर्गासाठी फक्त अकरा अर्ज विकले गेले होते. शाळा उघडायच्या दिवसापर्यंत पंचवीस झाले नाहीत तर माध्यमिक विभाग बंद, असा तोग्बेंचा निरोप आला होता. त्यालाच दुसरा निरोप जोडलेला होता: चर्चमागची नवी शाळा म्हणे फेसबुकवरून पोरं ओढते, तर आपलं पान कुणीतरी नीट बघा आणि सुधारा. विज्ञान म्हणजे फोन आणि फोन म्हणजे विज्ञान, अशा सोप्या हिशेबानं ते काम सेफाकोरच्या गळ्यात पडलं.

"फोटोंखाली लोकांनी काय लिहिलंय तेही वाचते," त्या म्हणाल्या. "'तोग्बे चिरायू होवोत.' हे साठ वेळा. मग एक आई विचारते, बस बाजारापर्यंत येते का? अकरा महिने झाले, उत्तर नाही. एक बाप विचारतो, विज्ञानाला बाई आहेत का?"

"मग?"

"त्याला तरी मी उत्तर देऊ शकले असते ना, सर! आणि हा शेवटचा बघा. 'ही शाळा असेल तर मुलं कुठे आहेत?' त्याला आपल्याकडून कुणीतरी अंगठा दाखवलाय. आवडलं म्हणून."

"तो मीच," दोत्से सर खालच्या आवाजात म्हणाले. "मी सगळ्यांनाच देतो. सभ्यता म्हणून."

दुसऱ्या दिवशी सेफाकोर बाजारात गेल्या. तिथं पर्पेच्युआ धुरावलेली मासळी विकायची. सहावी झालेली तिची यायरा सेफाकोरच्या कपाटाभोवती घुटमळून मोठी झालेली, आणि तरी तिचा अर्ज काही आलेला नव्हता.

"टीचर, आधी मासळी घ्या, मग भांडा," पर्पेच्युआ म्हणाली. "तुमच्या डोळ्यांत भांडण दिसतंय मला."

"यायराचा अर्ज का नाही घेतलास?"

"तुमचं पान बघितलं. माझ्या बहिणीनं कुमासीहून फोन केला, म्हणाली, पोरीला राजवाड्यात का घालतेस? तिथं नाचायला शिकवतात का? काय सांगू मी? त्या चर्चवाल्यांच्या पानावर बघा. पोरं हात चिखलात घालून काहीतरी लावतायत, दात काढून हसतायत. एकीचं तर पुढचे दोन दातच नाहीत! ते बघून यायरा म्हणते, आई, तिथं मजा आहे."

"मजा इथंही आहे. तुला माहितीय."

"मला माहितीय. माझ्या बहिणीला नाही. आणि फीचे अर्धे पैसे बहीण देते." पर्पेच्युआनं एक मासा कागदात गुंडाळून वर जास्तीचा ठेवला. "एक करा. मला तुमचं एक हसणारं पोर दाखवा. एकच. मी बहिणीला पाठवते. आमच्या रांगेत सहा जणी थांबल्यात, त्यांनाही दाखवते. मग अर्ज घेते."

सेफाकोर घरी गेल्या नाहीत. सरळ शाळेत आल्या. सुट्टीच्या शिकवणीला आलेली सातआठ पोरं होती. त्यांना घेऊन त्यांनी मिठाच्या पाण्यातलं अंडं केलं. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मीठ ढवळत जा, ढवळत जा, आणि एका क्षणी ते हळूच वर येतं. ते वर आलं तेव्हा पोरांनी जो कालवा केला, तो फोनमध्ये बरोब्बर आला. एक पोरगी तर अंड्याला टाळ्या वाजवत होती. सव्वा मिनिटाचा व्हिडिओ. सेफाकोरनी तो चार वेळा पाहिला आणि चारही वेळा हसल्या.

"टाकू का?" त्यांनी दोत्से सरांना विचारलं.

"तोग्बेंनी बघितल्याशिवाय काही टाकायचं नाही. ठाऊक आहे ना?"

"मग मी जाते आणि दाखवते."

"तोग्बेंकडे असं 'जाते आणि दाखवते' नसतं, मॅडम. आता नसतं."

हे 'आता' सेफाकोरना बोचायचं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तोग्बे हे तोग्बे नव्हतेच. ते डायरेक्टर होते. दुपारी शिक्षकांबरोबर गारी, म्हणजे कसावाचा भाजका रवा, आणि चवळी खायचे, डब्यातला मिरचीचा ठेचा मागून घ्यायचे. फळा तडकलाय म्हणून सेफाकोरनी एकदा त्यांच्याशी फाटकात उभं राहून भांडण केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी नवा फळा आला होता. मग पलीकडच्या टेकडीवरच्या त्यांच्या गावानं त्यांना सिंहासनावर बसवलं. गावाचा प्रमुख, तोग्बे सोक्पोली. त्या दिवसापासून त्यांच्याशी थेट बोलणं संपलं. जे सांगायचं ते त्सियामीला सांगायचं. त्सियामी म्हणजे प्रमुखाच्या वतीनं बोलणारा. तो आपलं म्हणणं तोग्बेंपुढे मांडतो. तोग्बे समोर पाच पावलांवर बसलेले असले तरी त्सियामीच्या तोंडून येईतो त्यांनी काही ऐकलेलं नसतं. आणि त्सियामीचा शब्द भर बैठकीत खोडायचा नसतो. गावात तसं चालत आलेलं, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. शाळेतही तसंच चालावं, हे मात्र तोग्बेंचं स्वतःचं.

शनिवारी सकाळी दोत्से सरांनी रीतीप्रमाणे मद्याची हिरवी बाटली घेतली, सेफाकोरनी वही आणि फोन घेतला, आणि दोघं तोग्बेंच्या ओसरीवर जाऊन बसले. तोग्बे विणलेलं जाडजूड वस्त्र खांद्यावर टाकून बसले होते. उकाड्यानं त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता. शेजारी त्सियामी आमेन्यो उभे. सत्तरीचे, काटक, आवाज मात्र देवळातल्या घंटेसारखा. हातात मानाची काठी आणि काठीच्या टोकाला सोनेरी मुठीत धरलेलं अंडं. सत्ता ही अंड्यासारखी असते, घट्ट धरली तर फुटते, सैल धरली तर पडते, असा त्याचा अर्थ.

क्षेमकुशल झालं. बाटली स्वीकारली गेली. आमेन्योंनी मान हलवली, बोला.

"त्सियामी, तोग्बेंच्या कानी घाला," सेफाकोरनी सुरुवात केली, "की पानावर चारशे बारा फोटो आहेत, आणि त्यात मूल एकच आहे. तेही अर्धं."

आमेन्यो वळले. "तोग्बे, मास्तरीणबाई म्हणतात, त्यांनी चारशे बारा फोटो डोळ्यांखालून घातले. आपण साऱ्या लेकरांचे बाप. आपण दिसलात की लेकरं वेगळी दाखवायला लागत नाहीत."

सेफाकोरनी दोत्से सरांकडे बघितलं. दोत्से सर छताकडे बघत होते.

"कानी घाला, की पालक पान उघडतात तेव्हा त्यांना ही शाळा आहे असं वाटतच नाही."

"तोग्बे, त्या म्हणतात, पान उघडलं की लोकांना राजवाड्यात आल्यासारखं वाटतं."

यात खोटं काही नव्हतं, हीच तर पंचाईत. पर्पेच्युआची बहीण हेच बोलली होती. सेफाकोरनी ठरवलं, आता आडवळण नको.

"कानी घाला, की तोग्बेंचे फोटो कमी करायला हवेत. महिन्याला एक पुरे. बाकी पोरांचे."

आत कुणीतरी फुफूसाठी उकडलेले कंद कुटत होतं, तो मुसळाचा आवाज तेवढा येत राहिला. आमेन्योंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. मग खाकरून म्हणाले, "तोग्बे, बाईंचं म्हणणं असं, की आपला चेहरा एवढा मोठा आणि हे फोन एवढेसे. फोटोत आपण मावत नाही. फोटो पुरे झाले. आता काहीतरी याहून मोठं हवं."

तोग्बेंनी हलकेच काही सांगितलं. आमेन्यो उजळून वळले.

"तोग्बे म्हणतात, खरं आहे. इथून पुढे व्हिडिओ."

"व्हिडिओ आहे माझ्याकडे!" सेफाकोर जवळजवळ उठल्याच. "पोरांचा आहे. हा बघा." त्यांनी फोन आमेन्योंच्या हाती दिला. आमेन्योंनी तो दोन्ही हातांनी तोग्बेंसमोर धरला. सव्वा मिनिट पोरं ओरडली, अंडं वर आलं, टाळ्या झाल्या. तोग्बेंच्या ओठांच्या कोपऱ्यात कितीतरी दिवसांनी डायरेक्टर दिसले.

आमेन्योंनी फोनमधलं अंडं पाहिलं. मग काठीवरचं अंडं पाहिलं. आणि त्यांचा आवाज भरून आला.

"तोग्बे! पोरांनी आपल्या सत्तेचं अंडं पाण्यात ठेवलं. वैऱ्याला वाटलं बुडालं. नाही! ते वर आलं, आणि प्रजेनं टाळ्या वाजवल्या!"

"अहो, ते मिठामुळे..." सेफाकोर म्हणाल्या. दोत्से सरांचा बूट त्यांच्या पायावर आला.

तोग्बेंनी आदेश दिला: व्हिडिओ लावा. त्यावर तोग्बेंचं चित्र घाला, अंडं वर येतं तिथं. आणि रोज सकाळी पानावरून तोग्बे लोकांना आशीर्वाद देतील. जबाबदारी मास्तरीणबाईंची, कारण कल्पना त्यांची.

सेफाकोरना हसावं की रडावं कळेना. वही मिटली. शेवटचं एकच राहिलं होतं आणि ते त्यांनी त्सियामीकडे न बघता, सरळ समोर बघून सांगितलं.

"अकरा अर्ज आलेत. फक्त अकरा. पंचवीस झाले नाहीत तर माझे वर्ग बंद होतील."

पाच पावलांवर तोग्बे होते. कान शाबूत होते. सेफाकोरना त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललेलं दिसलं, ते शपथेवर सांगतील. मग तोग्बेंनी नजर दाराच्या पडद्याकडे नेली आणि त्सियामीची वाट बघत बसले.

आमेन्योंना या वेळी वेळ लागला.

"तोग्बे," ते म्हणाले, "यंदा देवानं अकरा लेकरं निवडून धाडलीत. बाई म्हणतात, गर्दी कुणीही जमवतो."

तोग्बेंनी सावकाश मान डोलावली. बैठक उठली.

फाटकाबाहेर आमेन्यो मागून आले. काठी ठेवून आलेले, त्यामुळे एकदम लहान दिसत होते.

"पोरी, रागावलीस."

"मी एक बोलत होते, तुम्ही दुसरंच सांगत होता, काका."

"माझं कामच ते. तोंडातून निघालेला शब्द गरम असतो. मी तो निववून पुढे ठेवतो. गरम ठेवला तर त्यांचं तोंड पोळेल आणि हात तुझा भाजेल."

"पण निवता निवता त्यात काही उरलंच नाही! तुम्ही शब्द निववत नाही, ओतून देता."

"माझ्या बापानं एकदा आहे तसं सांगितलं होतं. जमिनीची गोष्ट होती. एकच वाक्य. त्यानंतर आमच्या घरातली काठी सतरा वर्षं दुसऱ्याच्या घरात होती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझं म्हणणं मला कळलं नाही असं समजू नकोस. माझी नात आहे ना, ती चर्चमागच्या शाळेत जाते."

"काका!"

"आता तू हे कुणाला सांगू नकोस," म्हातारा घाईघाईनं म्हणाला आणि वळला.

सेफाकोरनी जमेल तेवढं केलं. जुन्या प्रश्नांना एकेक करून उत्तरं लिहिली. बस बाजारापर्यंत येते. विज्ञानाला बाई आहेत. पण अकरा महिन्यांपूर्वी विचारलेल्या आईचं पोर एव्हाना दुसरीकडे शिकत होतं, आणि तिनं सभ्यपणे तसं कळवलं. अंड्याचा व्हिडिओ लागला. त्यावर चित्र घालायला तोग्बेंनी आक्राहून पुतण्या बोलावला होता, म्हणजे तेही सेफाकोरच्या हातात राहिलं नाही. नेमकं अंडं वर यायच्या वेळी तोग्बेंचा चेहरा वर यायचा आणि पोरांचा कालवा पुसून तिथं ढोल वाजायचे. तिसऱ्या दिवसापासून सकाळचे आशीर्वाद सुरू झाले. सेफाकोर सात वाजता ओसरीवर फोन धरून उभ्या राहायच्या. लोकांना ते फार आवडलं. आक्रातले, लोमेतले, अगदी हॅम्बुर्गमधले गावकरी हात जोडलेली चित्रं पाठवायचे. दोत्से सर आकडे वाचून दाखवायचे. "नऊशे, मॅडम! आज नऊशे लोक!"

"त्यातल्या किती जणांची पोरं सहावी झालीयेत, सर?"

दोत्से सर टक्कल पुसायचे.

बाजारात पर्पेच्युआनं त्यांना लांबूनच पाहिलं आणि पहिल्यांदाच मासळीकडे बोट दाखवलं नाही.

"मी थांबले होते, टीचर. दोन आठवडे थांबले. यायरा म्हणाली होती, टीचरनी अंड्याचा व्हिडिओ काढलाय, तो बहिणीला पाठव. मी उघडला." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "अंड्यावर तोग्बे बसले होते."

"मूळ व्हिडिओ आहे माझ्या फोनमध्ये. हा बघ, हा पाठव बहिणीला. आत्ता पाठव."

पर्पेच्युआनं तो बघितला. पूर्ण बघितला. टाळ्या वाजवणाऱ्या पोरीपाशी तिचं बोट थांबलं. ती यायरा होती.

"चर्चवाल्यांकडे कालच नाव घातलं," ती म्हणाली. "गणवेशाचं कापडही फाडून घेतलं. आता कसं करू, सांगा. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी थांबलेसुद्धा नसते."

"जा. छान शिकव तिला," सेफाकोर म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी शाळा उघडली. अर्ज तेरा झाले होते. सकाळी साडेसहाला दोत्से सरांनी तिघा माध्यमिक शिक्षकांना ऑफिसात बोलावून पत्र वाचलं. ते आदल्या संध्याकाळीच आलं होतं, पण रात्रभर कुणाची झोप का मोडायची, म्हणून त्यांनी ते उशाशी ठेवलं होतं. माध्यमिक विभाग बंद, वरच्या दोन वर्गांची पोरं सरकारी शाळेत. गणिताचे सर आणि इंग्रजीच्या मॅडम यांना महिन्याचा पगार देऊन मोकळं केलं होतं. सेफाकोर न्याकू यांनी मात्र तोग्बेंचं नाव सातासमुद्रापार नेलं, म्हणून त्यांना प्रसिद्धी प्रमुख केलं होतं. पगार आहे तोच. टेबल कोठीच्या खोलीत.

"अभिनंदन," इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या. त्यात विष नव्हतं. तेच जास्त लागलं.

"सर, मला हे नको. मला वर्ग द्या. तिसरी द्या, चौथी द्या."

"तिथं माणसं आहेत, मॅडम."

"मग मी तोग्बेंना सांगते."

"सांगा की," दोत्से सर थकून म्हणाले. "आमेन्योंना निरोप धाडू?"

सेफाकोरनी टेबलावरची आपली वही उचलली.

त्या बाहेर आल्या तेव्हा फाटकात एक बाप उभा होता. लांबच्या गावाचा, पायावर लाल धूळ. बरोबर मुलगी, नव्या गणवेशात. पिना अजून कॉलरला टोचलेल्या, केस शाळेच्या नियमाप्रमाणे बारीक कापलेले. तेरातली एक. कुणी कळवलंच नव्हतं.

"मॅडम, माध्यमिकची पहिली कुठल्या खोलीत भरते?"

ऑफिसात दोत्से सर खिडकीआड झाले. दुसरे दोघे आपापल्या वस्तू पिशवीत भरत होते. सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं.

"भरत नाही," सेफाकोर म्हणाल्या. "वर्ग बंद झालाय, भाऊ. आज सकाळी."

बापाला आधी ते ऐकूच आलं नसावं. "ही हुशार आहे," तो म्हणाला. "हिला विज्ञान आवडतं. अर्ज घेतला तेव्हा ऑफिसात सांगितलं होतं, इथं विज्ञानाच्या बाई चांगल्या आहेत."

"अर्जाचे पैसे परत मिळतील. मी बघते."

"ते ठीक. पण हिला आता नेऊ कुठं?"

मुलगी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. सेफाकोर फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेल्या आणि हात करून दाखवलं: सरळ जा, पेट्रोलपंपावरून डावीकडे वळा, चर्चच्या मागे निळी भिंत आहे. तिथं जागा असेल. घाई करा, प्रार्थना साडेसातला असते. विज्ञानाला तिथं एक तरुण सर आहेत, चांगले आहेत म्हणतात.

"तुम्ही चिठ्ठी देता का?" बापानं विचारलं.

त्यांनी वहीचं पान फाडलं, खांबावर टेकवून दोन ओळी लिहिल्या आणि खाली सही केली. हुद्दा लिहायच्या जागी हात थांबला. त्यांनी ती जागा मोकळी सोडली आणि चिठ्ठी दिली. बाप आणि मुलगी झपाझप निघाले.

"मॅडम!" मागून दोत्से सरांची हाक आली. "सात वाजून गेले. ओसरीवरून दोनदा फोन आला. तोग्बे बसलेत, ऊन चढायच्या आत या म्हणतात."

सेफाकोरनी फोन पुसला आणि त्या निघाल्या.